पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस

शेणखताच्या ढिगात राहणारी वुडलाऊसची एक लहान जात. लांबी साधारण १ सें.मी. बोलण्यात त्याला किडा म्हटले जात असले तरी तो कीटक नव्हे. खेकडा-झिंग्यांच्या कवचधारी गटातला, जमिनीवर वस्तीला आलेला समपाद (सारख्या पायांचा, आयसोपॉड) प्राणी आहे. पाय सात जोड्या. पावसाळ्यात निघणाऱ्या वाणीशी (पैसा) त्याची गल्लत होते. पण वाणीला बहुतेक वलयांवर दोन-दोन जोड्या असतात आणि ती संथ चालते.

विदर्भातल्या खेड्यात वुडलाऊस शोधायचा तर आधी उकिरडा पाहावा, मग गोठ्याची ओली कड, न्हाणीच्या सांडपाण्याची जागा, रांजणाखालची माती. पावसाळ्यात धुऱ्यावर कुजत पडलेल्या पऱ्हाट्यांखालीही वुडलाऊस मिळतात. अंगावर कीटकांसारखा मेणाचा थर नसल्याने पाणी झपाट्याने उडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढला की ओलाव्याखेरीज त्यांना थारा नाही.

या जातीची पहिली खूण म्हणजे पाठीवरची निळसर-राखाडी भुकटी. लॅटिनमध्ये ‘प्रुइना’ म्हणजे हिमकण. नाव त्यावरूनच पडले. बोट फिरवले की भुकटी पुसली जाते आणि खालचा तपकिरी-जांभळट रंग उघडा पडतो. म्हणून चिमटीत धरण्याआधीच नीट पाहून घ्यावे. दुसरी खूण चालीची: डिवचले तर हा गोळी होत नाही, सुसाट पळतो. गोळी झाला तर जात निश्चित वेगळी. भिंगाखाली मिशांच्या सांध्यांवर पांढरे पट्टे दिसतात, मिशीच्या टोकाचा चाबकासारखा भाग दोनच खंडांचा असतो आणि धडामागचा शेपटाकडील भाग एकदम अरुंद होतो. उलटा केल्यास मागे पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन जोड्या दिसतात. ती त्याची श्वसनाची इंद्रिये.

फसगत होते ती कात टाकताना. वुडलाऊस आधी मागचे अर्धे अंग सोलतो, पुढचे काही दिवसांनी. त्यामुळे अर्धा फिकट, अर्धा गडद प्राणी सापडला तर नवी जात मिळाली म्हणून हुरळू नये.

अन्न कुजका पाला आणि शेण. मूळ भूमध्य समुद्राच्या परिसरातले मानतात. माणसाच्या मालासोबत ही जात जगभर पसरली. प्राणिशास्त्रज्ञ ब्रँट यांनी १८३३ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. मादी अंडी पोटाखालच्या पाणीभरल्या पिशवीत बाळगते. पिले बाहेर येतात तेव्हा पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी पुढच्या काती टाकताना येते.