पत्रा एक मिलिमीटर की दीड? देशोदेशीच्या एके रायफलींची तुलना

उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे एके-२०३ रायफली बनू लागल्यापासून त्यांत स्वदेशी भाग किती टक्के, याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. डिसेंबर २०२१ च्या करारानुसार तिथे सहा लाखांहून अधिक रायफली तयार व्हायच्या आहेत. अशी बातमी आली की मागोमाग एक मत हमखास ऐकू येतं : एके काय, अर्धं जग बनवतंय, रशियाची घ्या नाहीतर चीनची, आत सगळं एकच. हे मत चुकीचं आहे. का चुकीचं, हे समजून घेताना पदार्थविज्ञानातली एक फार सुंदर गोष्ट हाती लागते, म्हणून हा लेख.

मिखाईल कलाश्निकोव यांची एके रायफल सोविएत सैन्याने १९४९ मध्ये स्वीकारली. पुढे पोलंड, पूर्व जर्मनी, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, चीन, उत्तर कोरिया, युगोस्लाव्हिया अशा अनेक देशांनी ती बनवली. डोळ्यांना दिसणारे फरक आधी सांगून टाकतो. चीनच्या टाइप ५६ ला फोरसाइटभोवती, म्हणजे नळीच्या टोकाजवळच्या नेम धरायच्या काट्याभोवती, पूर्ण कडं असतं आणि पुष्कळदा नळीखाली दुमडलेली, सुळ्यासारखी संगीन. रुमानियाच्या रायफलीला पुढच्या हातासाठी वेगळी उभी मूठ. पूर्व जर्मनीच्या नंतरच्या रायफलींचा दस्ता प्लास्टिकचा, खरखरीत दाण्यांचा. हंगेरीच्या एएमडी-६५ ची नळी आखूड. रायफल कुठली हे ओळखायला या खुणा पुरतात. ती कशी वागेल, हे मात्र रिसीव्हर सांगतो. रिसीव्हर म्हणजे मधली लांबट पेटी, जिच्यात बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी तुकडा, मागेपुढे धावतो, घोडा बसतो आणि खालून मॅगझिन अडकतं.

काडतुसातली दारू पेटते तेव्हा ७.६२ × ३९ मिमीच्या या काडतुसात दाब वातावरणाच्या सुमारे साडेतीन हजार पट चढतो. हा दाब गोळीला पुढे ढकलतो तसाच रिकाम्या होऊ पाहणाऱ्या पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या कवचाला, मागे ढकलतो. पुंगळीच्या बुडाचं क्षेत्रफळ एका चौरस सेंटिमीटरच्या आसपास धरलं, तर मागचा रेटा तीन टनांच्या घरात जातो. गोळी नळीत असते जेमतेम एक सहस्रांश सेकंद, पण तेवढ्या वेळात हे तीन टन कुणीतरी पेलायला हवेत.

एकेमध्ये ते कोण पेलतं? पेटीचा पत्रा तर नक्कीच नाही. बोल्टच्या तोंडाशी दोन भक्कम कान असतात. गोळी सुटण्याआधी बोल्ट गोल फिरतो आणि हे कान पुढच्या ट्रनियनमधल्या खाचांमागे अडकतात. ट्रनियन म्हणजे रिसीव्हरच्या पुढच्या टोकाशी बसवलेला पोलादी ठोकळा. याच ठोकळ्यात नळी दाबून बसवलेली असते आणि आडव्या पिनेने पक्की केलेली असते. आता बलाचा प्रवास पाहा : पुंगळी बोल्टला मागे रेटते, बोल्ट कानांनी ट्रनियनला रेटतो, ट्रनियनने नळी धरून ठेवलेली आहे, आणि नळीतच तर तो दाब आहे. वर्तुळ पूर्ण झालं. तीन टनांचं सगळं भांडण तीन पोलादी तुकड्यांत मिटतं. पेटीच्या वाट्याला येतो तो उरलेला धक्का, म्हणजे दस्त्यासह मागच्या भागाला मागे लोटण्यापुरता, आणि मागेपुढे धावत्या बोल्टची ठोकर.

याच्या उलट उदाहरण म्हणजे चेकोस्लोव्हाकियाची व्हीझेड-५८. काडतूस तेच, आकार इतका मिळताजुळता की छायाचित्रांखाली सर्रास 'एके-४७' असं छापलं जातं. पण तिचा बोल्ट फिरत नाही. त्याच्या पोटातला वेगळा ठोकळा खाली उतरून थेट रिसीव्हरमधल्या खाचांत बसतो. म्हणजे तिथे रेटा पेटीवरच येतो, आणि म्हणून ती पेटी सलग पोलादातून कोरावीच लागते. तिचं मॅगझिनसुद्धा एकेला बसत नाही. आपल्या इच्छापूरच्या १ए१ एसएलआरचंही तसंच : बोल्ट तिरका होऊन रिसीव्हरला टेकतो, म्हणून रिसीव्हर जाडजूड. बाहेरच्या रूपावरून नातं जोडायची सवय किती फसवी आहे बघा. कलाश्निकोवने जर्मन एसटीजी-४४ ची नक्कल केली, ही दंतकथाही अशीच चेहरा पाहून जन्मली आहे. त्या जर्मन रायफलीचा बोल्ट तिरका होतो, एकेचा फिरतो. यंत्राचं काळीज वेगळं असताना फक्त वाकड्या मॅगझिनवरून वंशावळ लिहू नये.

ट्रनियनने भार उचलल्यामुळे सोविएत अभियंत्यांना पेटी पत्र्याची करण्याची मुभा मिळाली. पहिल्या रायफली पत्र्याच्याच होत्या. पण बोल्टला वाट दाखवणाऱ्या पट्ट्या आत वेल्ड करताना इतके नग बाद होऊ लागले की माघार घ्यावी लागली, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पेटी अखंड पोलादातून मिलिंग करून कोरली जाऊ लागली. बहुतेक धातूचा कीस होऊन जातो, वेळ भरपूर लागतो, पण वस्तू ताठ होते. १९५९ मध्ये एकेची सुधारित आवृत्ती, एकेएम, आली तेव्हा प्रेसचं तंत्र पक्कं झालं होतं : एक मिलिमीटर जाडीचा पत्रा, यू आकारात वाकवलेला, पुढेमागे ट्रनियन रिव्हेटने जोडलेले. रायफल बरीच हलकी झाली.

आता थोडं गणित. यू आकाराची, वरून उघडी असलेली पातळ पेटी वाकवायला अवघड असते पण पिळायला सोपी. झाकण काढलेलं बुटांचं खोकं दोन टोकांना धरून पिळून पाहा, लगेच कळेल. उघड्या छेदाचा पिळाला होणारा विरोध पत्र्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी एकवरून दीड मिलिमीटर केली तर वजन वाढतं दीडपट, पण हा विरोध १.५ × १.५ × १.५, म्हणजे जवळजवळ ३.४ पट होतो. एकेचं वरचं झाकण नुसतं बसवलेलं असतं, त्यामुळे ते खोकं बंद करत नाही. मग सोविएत रचनेने काय केलं? दोन्ही टोकांना ठोकळे पक्के केले, कारण पिळताना उघड्या छेदाची टोकं पुढेमागे सरकू पाहतात आणि तेवढं सरकणं अडवलं की पीळही अडतो. मध्ये दोन भिंतींना जोडणारी एक आडवी नळी घातली. झाकणाच्या पातळ पत्र्यावर उभार उठवले. मॅगझिनच्या वर दोन्ही बाजूंना एक छोटी खळी दाबली, म्हणजे पातळ भिंतींमध्ये मॅगझिन डुलणार नाही. ताठपणा जाडीऐवजी आकारातून मिळवण्याचं याहून देखणं उदाहरण मला ठाऊक नाही.

चीनने परवाना घेतला तो कोरीव पेटीच्या जुन्या रायफलीचा. एकेएम आली तोवर मॉस्को आणि बीजिंग यांचं बिनसत चाललं होतं. पुढे चीननेही पत्रा स्वीकारला, पण दीड मिलिमीटरचा, आणि झाकण गुळगुळीतच राहिलं. जाडीच पुरेशी असेल तर उभार कशाला? वजन वाढलं, ते चालवून घेतलं.

युगोस्लाव्हियाचं कारण वेगळं होतं. १९४८ मध्येच टिटो आणि स्टालिन यांचं फाटलेलं, त्यामुळे परवाना नाही. क्रागुयेवाचच्या झास्तावा कारखान्याने नमुन्यांवरून स्वतःची आवृत्ती घडवली, आणि त्यांच्या सैन्याला नळीच्या टोकावरून ग्रेनेड फेकायचे होते. गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७१५ मीटर. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो येतो ५.७, दारूचे वायू धरून ८ च्या जवळ. आता समजा अर्ध्या किलोचा ग्रेनेड सेकंदाला ६५ मीटर वेगाने सुटला : संवेग ३२ च्या वर. म्हणजे चौपट धक्का, आणि हा धक्का मागच्या भागापर्यंत पोचतो तो पेटीतूनच. म्हणून नंतरच्या एम-७० रायफलींत दीड मिलिमीटरचा पत्रा आणि पुढचा ट्रनियन इतका जाड, की पेटी तिथे दोन्ही बाजूंना फुगलेली दिसते. सोविएत हलक्या मशीनगनमध्ये, आरपीकेमध्ये, हीच युक्ती आहे.

फिनलंडने पत्र्याच्या वाटेला न जाता १९६२ ची आरके-६२ कोरीवच ठेवली, आणि मागची साइट झाकणाच्या मागच्या टोकाला नेली. दोन साइटमधलं अंतर वाढलं की नेमातली कोनीय चूक कमी होते; अट एवढीच की झाकण हलता कामा नये. इस्राएलची गलील याच फिनिश रायफलीवरून आली, ५.५६ मिमी काडतुसासाठी, वजन जवळपास ४ किलो. तिच्या एका प्रकारात बाटली उघडण्याची सोयही आहे, कारण सैनिक मॅगझिनच्या ओठांनी बाटल्या उघडत आणि ओठ वाकले की गोळ्या अडकत. दक्षिण आफ्रिकेची आर-४ ही गलीलच, लांब दस्त्याची.

एके वर्षानुवर्षं चिखलात पुरली तरी चालते, असे व्हिडिओ फिरत असतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. सेफ्टीची पट्टी खाली केली की बोल्टच्या बाजूला मोठी फट उघडते, आणि घट्ट चिखल आत गेला की एकेही अडते. ती चिवट आहे ती काही मोजता येणाऱ्या कारणांमुळे : हलत्या भागांत ठेवलेली मोकळीक, बोल्टला वाहून नेणाऱ्या जड बोल्ट-कॅरियरचा संवेग, उतरत्या व्यासाची पुंगळी, आणि नळीच्या आतला क्रोम.

क्रोमच्या बाबतीतही देशोदेशी फरक आहे. जुन्या सोविएत पद्धतीच्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाशी असलेल्या छोट्या तुकड्यात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून ऑक्सिजन देतं आणि मागे ठेवतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. दमट हवेत हा थर पाणी ओढतो, आणि क्लोराइडचे आयन पोलादावरचा संरक्षक ऑक्साइड जागोजागी फोडतात. एका रात्रीतही गंज धरू शकतो. नळीत विद्युतविलेपनाने कठीण क्रोमचा काही शतांश मिलिमीटर थर दिला, तर क्लोराइड पोलादापर्यंत सहज पोचत नाही. शिवाय क्रोम वितळतो १९०७ अंशांना, लोखंड १५३८ अंशांना, त्यामुळे तापलेल्या वायूंपुढेही नळी टिकते. सोविएत आणि चिनी नळ्यांत क्रोम आहे. तीच एम-७०, पेटीच्या बाबतीत सगळ्यांत दणकट, हिच्या नळीत मात्र क्रोम नव्हता. वापरून झाल्यावर ती पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावी लागे, कारण हे मीठ तेलात विरघळत नाही. आळस झाला की आत खड्डे पडत.