विवाहाचा रकाना आणि प्रेमाचा प्रश्न: चिनी कौलकाड्यांची पार्श्वभूमी

हाँगकाँगच्या वाँग ताई सिन मंदिरात गुडघे टेकून बांबूचा डबा हलवणाऱ्यांच्या मनात आज अनेकदा एकच विषय असतो. तो परत येईल का? हिला विचारावं का? पाच वर्षं सोबत आहोत, पुढे काय? डब्यातून एक काडी बाहेर पडते, तिच्या क्रमांकाची चिठ्ठी मिळते. पण चिठ्ठ्यांची ही पद्धत रुळली तेव्हा असा प्रश्न विचारणारं माणूस तिच्यासमोर क्वचितच होतं.

ग्वानयिन देवीच्या शंभर कौलांची प्रचलित चिठ्ठी पाहिली की हे लगेच कळतं. वर चार ओळींचं पद्य आणि खाली रकाने: घर, स्वतः, धन, व्यवहार, विवाह, गर्भ, प्रवासाला गेलेला माणूस, शेती आणि रेशीमकिडे, गुरं, हरवलेली व्यक्ती, कोर्टकज्जा, स्थलांतर, हरवलेली वस्तू, आजार, पूर्वजांची कबर. विवाह बसलाय व्यवहार आणि गर्भ यांच्या मधोमध. उत्तरही एकदोन अक्षरांचं: ‘जुळेल’, ‘जुळणार नाही’. विचारणारे आईवडील असत, स्थळ समोर असे आणि हो-नाही सांगायचं असे. मुलीला काय वाटतं, यासाठी चिठ्ठीवर रकानाच नव्हता.

या परंपरेची जुनी छापील साक्ष दक्षिण सुंग काळातली (बारावं-तेरावं शतक), हांगचौजवळच्या वरच्या थ्येनचू मंदिराच्या नावावरची. थ्येनचू हे भारताचं जुनं चिनी नाव. याच संचातली पद्यं पुढे जपानी मंदिरांच्या शंभर चिठ्ठ्यांत गेली. जोड्या जुळवणारा यूए लाओ, म्हणजे चांदण्यातला म्हातारा, त्याहून जुना: तांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) एका कथेत तो लग्नांची वही घेऊन बसतो आणि भावी नवराबायकोचे पाय लाल दोऱ्याने बांधतो. काडी आणि दोरा या मुळात दोन वेगळ्या गोष्टी. हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी यूए लाओच्या छोट्या देवळात त्या एकत्र आल्या. तिथल्या चिठ्ठ्यांवर जुन्या ग्रंथांतल्या ओळी असत, आणि पहिलीच ओळ चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहातली, नदीतल्या बेटावर साद घालणाऱ्या पाखरांची.

खरा गुंता आहे तो शब्दांचा. चिठ्ठीवरचा जुना शब्द ‘हुन-यिन’, म्हणजे विवाह, दोन घरांतली सोयरीक. लोकांच्या तोंडी असतो तो ‘यिन-युआन’. यातला युआन बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून घट्ट झाला. संस्कृत ‘प्रत्यय’साठी, म्हणजे एखादी गोष्ट घडायला लागणाऱ्या कारणासाठी, चिनी भाषांतरकारांनी तोच वापरला. हेतू, म्हणजे मूळ कारण, आणि प्रत्यय मिळून जो चिनी जोडशब्द होतो, त्याचा उच्चारही यिन-युआनच. लिहिताना अक्षर वेगळं, बोलताना फरक नाही. म्हणजे ‘माझं यिन-युआन कसं आहे’ या प्रश्नात लग्न ठरेल का हेही येतं, आणि आमची गाठ कोणत्या कारणाने पडली हेही. आपल्याकडचा ‘ऋणानुबंध’ त्याच्या जवळ जातो. ‘प्रेम’ जात नाही. ग्वानयिनच्या पहिल्या कौलाच्या पहिल्याच ओळीत ‘शुभ युआन’ आहे, पण ती ओळ आकाश आणि पृथ्वी वेगळी होण्याबद्दल बोलते, नवरानवरीबद्दल नव्हे. ती वाचून ‘यंदा जोडीदार मिळणार’ असं सांगणं मला पद्यावर अन्याय वाटतो.

हाँगकाँगमध्ये हा बदल डोळ्यांदेखत झाला. वाँग ताई सिन या देवतेचं चित्र 1915 मध्ये चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातून तिथे आलं, शहराच्या कौलून भागातलं मंदिर 1921 मध्ये उभं राहिलं, आणि बरीच वर्षं ते चालवणाऱ्या संस्थेच्या सभासदांपुरतंच होतं. 1956 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. तोवर चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या निर्वासितांनी शहर भरलं होतं आणि मंदिराभोवती त्यांच्या वसाहती होत्या. ज्यांचे आईवडील गावी राहिले, ज्यांना ओळखीचा मध्यस्थ उरला नाही, त्यांना स्वतःचा प्रश्न स्वतःच घेऊन यावा लागला. माझ्या मते रकान्याचा अर्थ बदलला तो इथे, पुढच्या कुठल्या फॅशनमुळे नव्हे. 1971 पर्यंत तिथे रखेल पत्नी ठेवण्याची जुनी रूढी कायद्याने चालत होती, हेही विसरू नये. ‘जुळेल’ या एका अक्षराचा अर्थ बाईसाठी आणि पुरुषासाठी एकच नव्हता.

मग रकान्याचं नावच बदलायचं का? वाँग ताई सिनच्या आजच्या स्पष्टीकरणांत घर आणि नोकरीव्यवसायाबरोबर ‘यिन-युआन’ आहे, ‘मैत्री’चाही रकाना आहे; गुरं आणि रेशीमकिडे गेले. इतरत्र त्याहून पुढे जाऊन थेट ‘भावना’ असा मथळा देतात, आणि त्याखाली एकटे, जोडीतले, नुकतेच दुरावलेले असे भाग पाडतात. विरोध करणारे म्हणतात, चारच ओळी आहेत, त्यांतून तीन उत्तरं काढणं म्हणजे पदरचं सांगणं. बाजू घेणारे विचारतात, ज्याला लग्न करायचं नाही किंवा करता येत नाही त्याने कोणता रकाना वाचायचा? दुसरा प्रश्न मला जास्त वजनदार वाटतो. पण मथळा बदलून पद्य न वाचणं, फक्त ‘उत्तम’ की ‘अधम’ एवढं पाहून रडत घरी जाणं, हे दोन्ही बाजूंनी थांबवायला हवं. मंदिराशेजारी दीडशेहून अधिक अर्थ सांगणारे बसतात ते काही उगीच नाही.

तैवानमध्ये तैपेईच्या दीहुआ रस्त्यावरच्या नगरदेवतेच्या मंदिरात यूए लाओ 1971 मध्ये बसला. आज त्याच्याकडून लाल दोरा घ्यायला गर्दी असते. तैपेईलगतच्या एका छोट्या मंदिरात 2006 पासून ससादेव समलिंगी जोड्यांचं गाऱ्हाणं ऐकतो, म्हणजे समलिंगी विवाहाच्या 2019 च्या कायद्याच्या तेरा वर्षं आधीपासून. मुख्य चीनमध्ये 1928 च्या सरकारी आदेशांनी भविष्य सांगण्यावर बंदी आणली, 1950 च्या विवाह कायद्याने आईवडिलांनी लादलेली लग्नं बेकायदा ठरवली, आणि सांस्कृतिक क्रांतीत देवळांना टाळं लागलं. आता हांगचौच्या ‘फा-शी’ मंदिरात मुलंमुली जोडीदार मागायला येतात. फा-शी म्हणजे तेच वरचं थ्येनचू मंदिर, ज्याच्या नावावर सुंग काळातली ती छापील पद्यं आहेत.