एसडीके अ‍ॅड-ऑन

कंपनीने मोबाइलच्या ओएसमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) स्वतःचे फेरफार केले, नवीन एपीआय (ओएसच्या सोयी कोडमधून वापरायचे मार्ग) घातले, की ते अ‍ॅपवाल्यांना वापरता यावेत म्हणून मूळ सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किटावर, म्हणजे एसडीकेवर, चढवायचा जो जोड वाटतात तो एसडीके अ‍ॅड-ऑन. अख्खा एसडीकेच नव्याने बांधून दिला तर त्याला खरं म्हणजे अ‍ॅड-ऑन म्हणू नये, पण बोलताना दोन्ही एकच धरतात. इंदूरात, क्रिस्टल आयटी पार्क असो की सुपर कॉरिडॉर, आपली मराठी मंडळी नुसतं ‘किट’ म्हणतात, आणि कोणाचा एसडीके ‘आला’ तर कोणाचं ‘आलं’; इथे पुल्लिंग धरलाय.

उगम

सुरुवात कुठून मोजायची यावर दोन मतं आहेत. अँड्रॉइडवाले बहुतेक जण २००९ चा एप्रिल सांगतात, १.५ आवृत्तीचा, कारण तेव्हा गूगलची मॅप्स लायब्ररी (तयार कोडचा संच) मूळ किटातून बाजूला होऊन ‘गूगल एपीआयज’ या वेगळ्या अ‍ॅड-ऑनमध्ये गेली. दुसरं मत मागे विंडोज सीई या मायक्रोसॉफ्टच्या छोट्या उपकरणांच्या ओएसपर्यंत जातं. तिथे २००२ च्या सुमारासच प्लॅटफॉर्म बिल्डर या टूलमध्ये कंपनी आपल्याला हवे तेवढेच भाग निवडून ओएस जुळवायची आणि मग त्याच जुळणीचा एसडीके एक्स्पोर्ट करून इन्स्टॉलर बनवून वाटायची. फेरफार केलेल्या ओएसचं किट हीच कसोटी धरली तर हे दुसरं मत जास्त पटतं, ‘अ‍ॅड-ऑन’ हा शब्द मात्र अँड्रॉइडकडूनच रुळला.

रचना

आत मुख्य तीन गोष्टी: एम्युलेटरसाठी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नकली फोनसाठी) सिस्टिम इमेज म्हणजे ओएसची तयार प्रत, लायब्ररीचा स्टब जार (जावाची पोकळ फाइल) आणि माहिती देणारी मॅनिफेस्ट फाइल. स्टबमध्ये क्लास नि मेथडची नुसती नावं असतात, आत कोड नसतो, चालवायला गेलं तर ‘स्टब!’ असा एक्सेप्शन (एरर) येतो, खरा कोड फोनमध्येच असतो, त्यामुळे कंपनीला आपला सोर्स न देता एपीआय देता येतो आणि माझ्या मते या सगळ्या पद्धतीचा गाभा हाच. मॅनिफेस्टमध्ये नाव, व्हेंडर, एपीआय लेव्हल (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक), रिव्हिजन. यातलं व्हेंडर, नाव नि लेव्हल जोडून टार्गेटची (प्रोजेक्ट ज्यासाठी बांधायचा त्याची) ओळख बनते, म्हणून एकदा वाटल्यावर नावाचं स्पेलिंगसुद्धा बदलू नये, ज्यांनी प्रोजेक्टात ते लिहिलंय त्या सगळ्यांचे बिल्ड अडतात. अ‍ॅपमध्ये अमुक लायब्ररी हवी असं सांगणारा ‘युजेस-लायब्ररी’ टॅग लागतो. त्या टॅगात ‘रिक्वायर्ड’ला ‘फॉल्स’ दिलेलं नसेल तर ती लायब्ररी नसलेल्या फोनवर अ‍ॅप इन्स्टॉलच होत नाही.

वाटप

झिप फाइल सर्व्हरवर ठेवायची, सोबत एक्सएमएल यादी ज्यात साइज आणि चेकसम (फाइल धड उतरली का ते तपासायचा आकडा), आणि त्या यादीची लिंक डेव्हलपर एसडीके मॅनेजरमध्ये टाकतो. पोलस्टार या गाड्यांच्या कंपनीने आपल्या गाडीची एम्युलेटर इमेज अशीच दिली.

परवान्याचा वाद

नोव्हेंबर २०१२ मध्ये गूगलने एसडीकेच्या अटींमध्ये एक कलम घातलं, की या एसडीकेपासून बनवलेला दुसरा एसडीके वाटायचा नाही, अँड्रॉइडचे तुकडे (एकमेकांशी न जुळणाऱ्या आवृत्त्या) होतील असं काही करायचं नाही. यावर बरीच ओरड झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये रेप्लिकंट या मुक्त अँड्रॉइड प्रकल्पाने सोर्सवरून बांधलेला स्वतःचा मुक्त एसडीके काढला. कलमामुळे सगळंच बंद झालं असं काही जण म्हणतात, पण अट गूगलच्या तयार डाउनलोडवर आहे, सोर्सचा मोठा भाग अपाचे २.० या परवान्याखाली मोकळा आहे, तेव्हा सोर्सवरून बांधून वाटणं यात येत नाही हे वाचन जास्त सरळ वाटतं. एम्युलेटर आणि कर्नल (ओएसचा गाभा) जीपीएल या दुसऱ्या परवान्याखाली येतात, ते वाटले तर त्यांचा सोर्सही द्यावा लागतो.