यादीतलं प्लगइन आणि गाभ्यातलं प्लगइन

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'एचस्टोअर' हे प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सुविधा, सुरू करायचं असेल तर 'क्रिएट एक्स्टेन्शन' ही एका ओळीची आज्ञा पुरते. फाइल्स मशीनवर आल्या असतील तर भौगोलिक डेटासाठीच्या 'पोस्टजीआयएस'लाही हीच आज्ञा चालते. २०११ साली ९.१ या आवृत्तीत ही सोय आली आणि वापरणाऱ्याचं काम खरोखर हलकं झालं. मात्र त्याबरोबर एक महत्त्वाचा फरक डोळ्यांआड गेला. एचस्टोअरचा कोड पोस्टग्रेसच्याच सोर्समध्ये, 'कॉन्ट्रिब' नावाच्या फोल्डरात राहतो. पोस्टग्रेसची नवी आवृत्ती निघते तेव्हा तोही तिच्याबरोबर तपासून बाहेर पडतो. पोस्टजीआयएसचा संसार वेगळा आहे. त्याचे मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे लोक, वेगळे, लायसन्स वेगळं आणि आवृत्त्यांचं वेळापत्रकही त्याचं स्वतःचं.

एचस्टोअरसारख्याला मी 'गाभ्यातलं' म्हणेन. 'यादीतलं' म्हणजे बाहेरच्या कुणीतरी लिहिलेलं, पण प्रकल्पाच्या अधिकृत संग्रहात किंवा डिरेक्टरीत नोंदवलेलं. नोंद अधिकृत जागी असते, इन्स्टॉलचं बटणही तेच असतं, त्यामुळे यादीतलं ते प्रकल्पाचंच, असा समज सहज होतो. दोन्ही वेगळी ओळखायला मला एक प्रश्न सगळ्यात उपयोगी वाटतो: मूळ प्रकल्पाने उद्या आतली रचना बदलली, तर हा कोड दुरुस्त कोण करणार?

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याइतकं, म्हणजे कर्नलइतकं, या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. कर्नलच्या आतले इंटरफेस (त्याचे भाग एकमेकांना जोडणारे दुवे) कायम तसेच राहतील असं वचन तिथे मुद्दामच दिलेलं नाही, आणि त्यामागची कारणं कर्नलच्या दस्तऐवजांत सविस्तर लिहून ठेवली आहेत. एखादं फंक्शन बदलायचं असेल तर बदलणाऱ्यानेच ते वापरणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, हा तिथला रिवाज आहे. म्हणजे तुमचा ड्रायव्हर कर्नलच्या झाडात, म्हणजे मुख्य सोर्समध्ये, असेल तर तुम्ही झोपेत असतानाही कुणीतरी अनोळखी माणूस तो नव्या रचनेशी जुळवून ठेवतो. झाडाबाहेर असेल तर हे सगळं काम तुमचं. असं बाहेरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोड) चढवलं की कर्नल स्वतःवर 'टेंटेड' (डागाळलेला) अशी खूण करून ठेवतो. पुढे बग कळवला तर ती खूण आधी पाहिली जाते.

या नियमाचा चटका २०१९ साली झेडएफएस या फाइल सिस्टिमला बसला. त्याचं लायसन्स कर्नलच्या जीपीएल या मुक्त लायसन्सशी जुळत नाही, त्यामुळे ते झाडाबाहेरच राहतं. कर्नल ५.० मध्ये प्रोसेसरच्या वेगवान सूचना वापरण्यासाठी लागणारं एक फंक्शन अशा मॉड्यूलना मिळेनासं झालं. गाभ्यातल्या कुणाचं काही अडलं नाही. झेडएफएसच्या लोकांना मात्र स्वतःची पर्यायी व्यवस्था लिहावी लागली. कर्नलच्या बाजूने पाहिलं तर यात नियमाबाहेर काही घडलं नव्हतं. तरीही ज्यांचा डेटा झेडएफएसवर होता, त्यांची काळजी खरी होती.

आता यादीकडे येऊ. वेबसाइट बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत हजारो प्लगइन आहेत. नवं प्लगइन दाखल होताना माणसं त्याचा कोड तपासतात, लायसन्स जीपीएलशी जुळतं की नाही पाहतात, नावात दुसऱ्याचा ट्रेडमार्क घुसवलेला नाही ना तेही बघतात. हे कष्टाचं काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ही तपासणी दारावरची. एकदा आत आलं की पुढची प्रत्येक आवृत्ती माणसाने वाचूनच बाहेर पडते, असं नसतं. २०१७ साली 'डिस्प्ले विजेट्स' हे सुमारे २ लाख साइटवर चालणारं प्लगइन मूळ लेखकाने विकलं, आणि नव्या मालकाच्या अपडेटमधून त्यात मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, आलं. यादी तीच, नाव तेच, मागची माणसं बदललेली. शेवटी ते डिरेक्टरीतून कायमचं काढलं गेलं.

लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या आर्च लिनक्सने हा फरक लपवलेला नाही. तिथे एयूआर हा लोकांनी चालवलेला संग्रह अधिकृत रिपॉझिटरीपासून (साठ्यापासून) वेगळा ठेवलेला आहे, आणि वापर स्वतःच्या जोखमीवर, असं पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. तरी २०१८ साली तिथेही कुणी वाली न उरलेलं एक पॅकेज एका अनोळखी खात्याने ताब्यात घेऊन त्यात घातक स्क्रिप्ट घातली होती. फरक इतकाच की तिथे पॅकेज कसं तयार होतं ते सांगणारी बांधणीची फाइल आधी वाचून मगच चालवा असं वारंवार सांगितलं जातं, आणि वाचणारे लोकही आहेत.

यावरून बाहेरचं ते दुय्यम, असा अर्थ काढू नये. भौगोलिक डेटा सांभाळण्यात पोस्टजीआयएसचा दर्जा कुणालाही मान्य व्हावा, आणि स्वतःच्या वेगाने चालण्याची मोकळीक त्याला बाहेर राहूनच मिळते. शिवाय सीमारेषा हलतेही. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये डेटाबेसच्या मायग्रेशनसाठी, म्हणजे त्याची रचना बदलत नेण्यासाठी, बरीच वर्षं 'साउथ' हे बाहेरचं पॅकेज सगळे वापरत. २०१४ साली १.७ या आवृत्तीत मायग्रेशनची सोय थेट जँगोत आली, तीही साउथच्याच लेखकाच्या हातून. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर उलट दिशेने गेलं. २०२४ साली ४.२ या आवृत्तीबरोबर त्याने एक्स्टेन्शनसाठी स्वतंत्र व्यासपीठ सुरू केलं आणि तोवर सोबत येणारी बरीच अ‍ॅड-ऑन तिकडे हलवली. नवी आवृत्ती इन्स्टॉल करून 'माझं नेहमीचं अ‍ॅड-ऑन गेलं कुठे' म्हणून शोधणाऱ्यांना हेच कारण सापडतं. ते गायब झालेलं नसतं, गाभ्यातून यादीत गेलेलं असतं.

म्हणून कामाच्या सर्व्हरवर काही चढवण्यापूर्वी मी तारांकनं आणि डाउनलोडचे आकडे बाजूला ठेवते. कोड प्रकल्पाच्या मुख्य रिपॉझिटरीत आहे का, बग नेमके कुठे नोंदवायचे आणि शेवटची आवृत्ती कुणी काढली, एवढं आधी बघते. सॉफ्टवेअरची बांधणी आपोआप करणाऱ्या जेनकिन्सने यात वापरणाऱ्याची चांगली सोय केली आहे. मेंटेनर उरला नसेल तर प्लगइनच्या पानावरच 'हे दत्तक घ्यायला उपलब्ध आहे' अशी सूचना लावलेली असते. एखाद्या सुरक्षा-त्रुटीवर उपाय निघालेला नसला तरी जेनकिन्सचा सुरक्षा गट ती जाहीर करतो, आणि ते प्लगइन चालवणाऱ्याला आपल्या व्यवस्थापन पानावरच तो इशारा दिसतो.