रिपोर्टातला २ म्हणजे स्टेज २ नव्हे! (तोंड-गळ्याच्या कॅन्सरनंतरचे स्कॅन)

आमच्या स्कॅन सेंटरच्या काउंटरवर हे वरचेवर होतं. रिपोर्ट हातात पडला की घरची माणसं आधी आकडा शोधतात आणि "मान: २" दिसलं की रडारड सुरू, पप्पांना दुसऱ्या स्टेजचा परत झाला म्हणून. तसं नाहीये हो.

हा आकडा नाय-रॅड्सचा, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ठरवलेली रिपोर्ट लिहायची पद्धत, त्यामुळे म्हापशात वाचलेला स्कॅन परळच्या डॉक्टरला पण लगेच कळतो. आकडे दोन असतात, एक मूळ जागेचा, एक मानेतल्या लिम्फच्या गाठींचा. १ म्हणजे काही संशयास्पद नाही, नेहमीचा फॉलोअप. २ म्हणजे थोडी शंका, ती जागा वरवरची असेल तर ईएनटी डॉक्टर स्वतः आत बघून घेतात आणि खोल असेल तर तीनेक महिन्यांनी परत स्कॅन नाहीतर पेट (ज्यात कॅन्सरसारख्या जागा चमकून दिसतात तो स्कॅन). ३ आला तर शंका जास्त, तेव्हा बहुतेक तुकडा काढून तपासतात. ४ म्हणजे परत आलाय हे नक्की. २०१७ मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात २ आलेल्या जागांपैकी साधारण १७ टक्क्यांतच कॅन्सर निघाला, ३ मध्ये ५९ टक्के, म्हणजे ३ पण शिक्कामोर्तब नव्हे.

आणि शून्य! शून्य म्हणजे जुने स्कॅन बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि बऱ्याचदा ते स्कॅन वाळपईला घरी कपाटात पडलेले असतात. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर मान आतून इतकी बदलते की नुसता आजचा फोटो बघून व्रण कुठला नि गाठ कुठली हे ओळखणं कठीण, म्हणून गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो की मुंबई, नुसता कागद नको, सीडी आणा, डिस्चार्ज कार्ड आणा, रेडिएशन कधी संपलं ती तारीख आणा.

पहिला पेट-सीटी रेडिएशन संपल्यावर साधारण १२ आठवड्यांनी करतात, घाई केली तर सूजच चमकते आणि उगाच बायोप्सीची पाळी येते. (पेट आमच्याकडे होत नाही, सीटी आणि एमआरआय होतो.) पुढच्या तारखा तुमचे डॉक्टर देतील, पण परत येणारा आजार जास्त करून पहिल्या दोन वर्षांत येतो, तेव्हा चवथीनंतर बघू असं नको. मध्येच नवी गाठ, न भरणारी जखम किंवा आवाजात बदल वाटला तर स्कॅनच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध सोडून करायचा) सीटी असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट लागतो, डायबेटीसच्या गोळ्या आणि कसली अॅलर्जी ते फोनवरच सांगा. सीडी घरी उघडत नसली तरी घेऊन या, इथे बघू.