पगार केंद्राप्रमाणे, तिजोरी मात्र राज्याची

राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची कपात दिसते. बहुतेकांना दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला महाराष्ट्रानं १९७५ मध्ये हा कर आणला. त्याची कमाल मर्यादा राज्यघटनेनंच घातली आहे आणि १९८८ च्या घटनादुरुस्तीनंतर ती रुपयानंही वाढलेली नाही. त्याच पत्रकात कमाईच्या बाजूला महागाई भत्ता असतो. तो केंद्राच्या दरानं वाढत राहतो.

ही 'केंद्राप्रमाणे'ची मागणी लढून मिळवलेली आहे. डिसेंबर १९७७ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्यातले कर्मचारी संपावर गेले आणि तो संप ५४ दिवस चालला. बाजारातले भाव मुंबईतल्या केंद्रीय कारकुनाला आणि राज्याच्या कारकुनाला सारखेच, मग भत्ता वेगळा का, हा त्यांचा सवाल होता. सवाल रास्तच होता. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं दाद दिली नाही. पुढे १९७८ मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार आलं आणि मागणी मान्य झाली.

तेव्हापासून दिल्लीत वेतन आयोग बसला की मंत्रालयात हिशेब सुरू होतात. सातवा आयोग केंद्रानं १ जानेवारी २०१६ पासून लागू केला. किमान मूळ वेतन ७,००० वरून १८,००० झालं. राज्यानं के. पी. बक्षी समिती नेमली आणि प्रत्यक्ष वाढ जानेवारी २०१९ पासून दिली. मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत वाटली. देणं नाकारायचं नाही, पुढे ढकलायचं, ही रीत तिथे उघड दिसते.

याच काळात उत्पन्नाची सूत्रं राज्याच्या हातून निसटली. विक्रीकराचे दर विधिमंडळ ठरवत असे. २००५ मध्ये व्हॅट आला, तरी थोडी मोकळीक होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि दरांचा निर्णय केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेकडे गेला. महसुलात दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरून केंद्राकडून मिळणारी नुकसानभरपाई जून २०२२ मध्ये संपली. राज्याच्या हाती मुख्यतः मद्य, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क आणि वाहन कर एवढंच उरलं.

पगाराचा दर ठरवणं हाती नाही, मोठ्या कराचा दरही नाही. हाती राहिली ती पदं भरायची की नाही ही एकच गोष्ट, आणि सरकारांनी तीच वापरली. मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक रिकामी राहिली. याचा त्रास सर्वांत जास्त गावात होतो. एका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा (त्याच्या कार्यक्षेत्रांचा) कार्यभार, त्यामुळे फेरफाराची नोंद अडते आणि पंचनामा लांबतो. २०२३ च्या तलाठी भरतीत साधारण साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला आणि तरुणांचा संताप पाहून ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठीचा संप होऊन गेलाच होता. नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना ती मिळत नाही.

आता न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग बसला आहे. राज्यानं वाढ द्यावीच. पण थकबाकीच्या तक्त्याशेजारी रिक्त पदं कधी भरणार याच्या तारखाही त्याच शासन निर्णयात छापाव्यात.