एपिक्युरियन

एपिक्युरियन हा शब्द एपिक्युरस (इ.स.पू. 341–270) या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावावरून आला. तत्त्वज्ञानाच्या लेखनात त्याचा अर्थ एपिक्युरसचा अनुयायी किंवा त्याच्या मतासंबंधीचे, असा होतो. रोजच्या भाषेत मात्र उंची खाण्यापिण्याचा शौकीन, ऐषआरामात रमणारा माणूस असा अर्थ रूढ आहे. हा दुसरा अर्थ पहिल्याच्या जवळजवळ उलट आहे. ज्याच्या नावावरून तो आला, त्याचे रोजचे जेवण भाकरी आणि पाणी एवढेच असे.

एपिक्युरसचा जन्म सामोस बेटावर अथेन्सच्या नागरिक कुटुंबात झाला. मितिलिनी आणि लॅम्प्सॅकस येथे शिकवल्यानंतर इ.स.पू. 306 च्या सुमारास तो अथेन्सला आला. तेथे त्याने एक घर आणि बाग विकत घेतली. त्याच्या पंथालाच पुढे ‘बाग’ म्हटले जाऊ लागले. या बागेत स्त्रिया आणि गुलामही शिकत. लिऑन्शन ही त्याची शिष्या तत्त्वज्ञानावर लिहीत असे. मिस नावाच्या गुलामाला एपिक्युरसने मृत्युपत्रात मुक्त केले. एपिक्युरसच्या एका पत्रातील ओळ चरित्रकार डायोजेनिस लेर्शियस याने जपली आहे. त्यात तो मित्राकडे थोडे चीज मागतो, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल! रोमन विचारवंत सेनेका सांगतो की, बागेच्या दारावर ‘येथे सुख हेच सर्वोच्च श्रेय आहे’ असा मजकूर होता, आणि आत येणाऱ्या पाहुण्याला जवाचे पीठ आणि पाणी मिळे. सेनेका स्वतः विरोधी, स्टोइक पंथाचा. तरीही एपिक्युरसची वचने तो पुन्हा पुन्हा आदराने देतो.

सुख हे जीवनाचे ध्येय, असे एपिक्युरस खरोखरच म्हणत होता आणि हे त्याने कधी लपवले नाही. पण सुख कशाला म्हणायचे, याचे त्याचे उत्तर वेगळे होते. शरीराला वेदना नसणे (अपोनिया) आणि मनाला घोर नसणे (अतराक्सिया), हे त्याच्या मते पूर्ण सुख. वेदना संपली की सुख आणखी वाढत नाही, त्याचे केवळ प्रकार बदलतात. भूक भागल्यावर पक्वान्नाने चव बदलेल, सुखाची मात्रा वाढणार नाही. म्हणून इच्छांची त्याने तीन गटांत विभागणी केली. काही नैसर्गिक आणि आवश्यक, जसे अन्न आणि निवारा. काही नैसर्गिक पण अनावश्यक, जसे उंची पदार्थ. उरलेल्या निव्वळ कल्पनेतून उपजणाऱ्या, जसे पुतळे आणि मुकुट. पहिल्या इच्छा थोडक्यात भागतात. तिसऱ्यांना अंतच नसतो. मैत्रीला मात्र त्याने फार वरचे स्थान दिले. राजकारणापासून दूर, लोकांच्या नजरेत न भरता जगा, हाही त्याचाच उपदेश.

मनाचा घोर मुख्यतः दोन भयांतून येतो, असे त्याचे निदान होते: देवांचे भय आणि मरणाचे भय. त्यावर त्याने डेमॉक्रिटस या आधीच्या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या परमाणुवादाचा आधार घेतला. सगळे जग परमाणू आणि पोकळी यांचे बनलेले. आत्माही परमाणूंचाच, त्यामुळे शरीराबरोबर तोही विखुरतो. आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आले की आपण नाही, मग भ्यायचे कोणाला? देव आहेत, पण ते स्वतःच्या आनंदात मग्न आहेत आणि माणसांना बक्षीस देण्याशी किंवा शिक्षा करण्याशी त्यांचा संबंध नाही. या शब्दाला पुढे जी बदनामी चिकटली, तिची निम्मी मुळे या विधानांत आहेत.

उरलेली निम्मी मुळे त्याच्या हयातीतच रुजली. टिमोक्रेटिस नावाच्या शिष्याने पंथ सोडला आणि गुरू अतिखाण्यामुळे दिवसातून दोनदा ओकतो असे पसरवले. मेनोइकियस या अनुयायाला लिहिलेल्या पत्रात एपिक्युरस अशा आरोपांना थेट उत्तर देतो. सुख म्हणजे चैनी माणसांचा विलास नव्हे, दारूच्या बैठका आणि मासळीने भरलेली ताटे नव्हेत; काय निवडावे आणि काय टाळावे हे तपासणारा शांत विवेक म्हणजे सुखी जीवन, असे तो सांगतो. इतके स्पष्ट लिहूनही उपयोग झाला नाही. रोमन वक्ता सिसेरो याने एपिक्युरस माणूस म्हणून सज्जन होता हे मान्य केले, पण त्याच्या मतावर कडाडून टीका केली. रोमन कवी होरेसने स्वतःला ‘एपिक्युरसच्या कळपातले डुक्कर’ म्हटले ते गमतीने, पण प्रतिमा टिकली ती डुकराचीच.

वेगवेगळ्या समाजांनी या नावात वेगवेगळा दोष पाहिला, आणि या शब्दाच्या इतिहासात मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. रोमनांना खुपला तो विलास. यहुदी परंपरेत खाण्यापिण्याचा विषयच आला नाही. हिब्रूतला ‘अपिकोरोस’ म्हणजे पाखंडी. मिश्ना या ग्रंथात परलोकात ज्यांना वाटा नाही अशांच्या यादीत तो आहे, आणि आजही धर्ममत नाकारणाऱ्याला हा शब्द लावतात. ख्रिस्ती युरोपचा राग आत्म्याच्या मर्त्यतेवर होता. इटालियन कवी दांतेने आपल्या महाकाव्यात नरकाच्या सहाव्या वर्तुळात एपिक्युरस आणि त्याचे अनुयायी जळत्या थडग्यांत ठेवले, ते आत्मा शरीराबरोबर मरतो असे मानल्याबद्दल.

मूळ विचार पुन्हा वाचला जाऊ लागला तो 1417 मध्ये. पोज्जो ब्राच्चोलिनी या इटालियन विद्वानाला ल्युक्रीशियस या रोमन कवीच्या एपिक्युरियन महाकाव्याचे हस्तलिखित सापडले. सतराव्या शतकात पिएर गासेंडी या फ्रेंच धर्मगुरूने परमाणुवादाची ख्रिस्ती श्रद्धेशी सांगड घातली आणि एपिक्युरसच्या चारित्र्याची बाजू मांडली. अमेरिकेचा माजी अध्यक्ष थॉमस जेफर्सन याने 1819 मधील एका पत्रात स्वतःला एपिक्युरियन म्हटले. कार्ल मार्क्सचा 1841 मधील डॉक्टरेटचा प्रबंध डेमॉक्रिटस आणि एपिक्युरस यांच्या निसर्गविचारातील फरकावर होता. या लोकांच्या हातून शब्दाचा पहिला अर्थ जिवंत राहिला. इंग्रजीतील बोलीत मात्र ‘एपिक्युअर’ म्हणजे चोखंदळ खवय्या, आणि हा अर्थ आता निंदेचाही राहिलेला नाही.

मराठीत एपिक्युरसच्या मताला सुखवाद म्हणतात. चंगळवाद हा शब्द येथे वापरू नये, कारण मेनोइकियसला लिहिलेल्या पत्रात नाकारली आहे ती चंगळच. मराठी वाचकाला चार्वाकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोघेही जडवादी, मरणोत्तर जीवन नाकारणारे, आणि दोघांचीही प्रतिमा बव्हंशी विरोधकांनी रंगवलेली. फरक असा की, ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ हे वचन आपल्यापर्यंत येते ते प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून, तर एपिक्युरसची तीन पत्रे आणि चाळीस मुख्य सूत्रे त्याच्याच शब्दांत उरली आहेत. कर्ज काढून तूप पिण्याचा सल्ला त्याच्या इच्छांच्या वर्गीकरणात बसणारच नाही.

‘एपिक्युरियन विरोधाभास’ हा जोडशब्दही वाचनात येतो. ईश्वराला दुष्टता दूर करायची आहे पण जमत नाही, की जमते पण करायची नाही. आणि इच्छा व शक्ती दोन्ही असतील तर दुष्टता येते कुठून, असा तो युक्तिवाद. चौथ्या शतकातील ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस याने तो एपिक्युरसच्या नावावर दिला. एपिक्युरसच्या उपलब्ध लेखनात तो सापडत नाही. स्कॉटिश तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम याच्या 1779 मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक संवादांत मात्र हे ‘एपिक्युरसचे जुने प्रश्न’ म्हणूनच येतात, आणि तेव्हापासून पाश्चात्त्य धर्मचिंतनात ते त्याच नावाने चर्चिले जातात.